रक्तगट कशाला हवा?

पालघर, ८ नोव्हेंबर २०२५

श्री. ललित चुरी यांस,

बोईसरच्या अनुज ट्रॅव्हल्सचं जाड पाकीट आलं. मला वाटलं जाहिरात असेल. आत तुमचं अक्षर निघालं. लगेच वाचलं नाही. आधी कपडे वाळत घातले, भात लावला, मग चष्मा शोधला.

फोन करू नका, असं आपल्या मोनालीच्या लग्नात मी तुम्हाला मांडवाच्या मागे सांगितलं होतं. तेवढं एक तुम्ही पाळलंत. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकत राहते. वापीला बदली झाली म्हणालात तेव्हाही तसंच झालं. कागदावर मध्ये कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. उत्तर द्यायचं म्हणून नाही, विचारायचं म्हणून.

तुम्ही लिहिता, "सुलू, फार वर्षं झाली. चार दिवस समुद्रावर जाऊ. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. तुझी खोली वेगळी, माझी वेगळी. काही मागणं नाही."

काही मागणं नाही, हे वाक्य मी नोकरीत इतकं ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी हात आपोआप कमरेवर जातो. "सिस्टर, काही मागणं नाही हो," असं म्हणत जो माणूस वॉर्डाच्या दारात यायचा, त्याला हमखास वेळ संपल्यावर पेशंटला भेटायचं असायचं. तुम्हाला काय हवंय?

सोबतच्या सूचना दोनदा वाचल्या. चांगल्या आहेत. इतक्या चांगल्या आहेत की त्या तुम्ही लिहिल्यात यावर विश्वास बसत नाही. ज्याला स्वतःचा डबा कंपनीतून परत आणायचं लक्षात राहत नसे, तो माणूस आता मला बॅग कशी भरावी हे सांगतो.

"मोठ्या बॅगा बंदरावरच त्यांच्या ताब्यात जातात, खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, कपड्यांचा एक जोड आणि आधार कार्ड हातातल्या पिशवीत ठेव." माझी कसली औषधं? मला औषधं चालू आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं? सांगितलं असेल तर खोटं आहे.

"पहिल्या दुपारी सगळे वरच्या डेकवरच्या बुफेवर तुटून पडतात. आपण खालच्या जेवणघरात जाऊ. तिथे बसल्या जागी वाढतात, आणि पदार्थ आधी सांगून वेगळे करून मिळतात." लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. गर्दी कधीपासून नकोशी झाली? आणि वेगळे पदार्थ कोणाला हवेत?

"पेयांचं पॅकेज घेऊ नकोस, तेवढं कोणी पीत नाही." तारापूरच्या कंपनीतल्या पार्ट्यांमधून तुम्हाला दोघं धरून घरी आणायचे, ते मी विसरलेले नाही.

"रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, पहिली मागून घेतली आहे." हे बरं केलंत. मला उशिरा जेवण चालत नाही. का, ते विचारू नका.

"लिफ्टजवळच्या खोल्या घेतल्या." "जहाजावरचा डॉक्टर फार महाग पडतो म्हणून विमा काढला." जहाजावर डॉक्टर लागेल असं आत्तापासून कोणाला वाटतंय? मला तर वाटत नाही.

आणि दीपिकाबाई कुठे आहेत? ज्या बाईसाठी वापीत घर केलंत तिला घरी ठेवून कोणी पालघरच्या बायकोला लक्षद्वीप दाखवायला नेत नाही.

मी होय लिहिलेलं नाही आणि नाहीही लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात घ्या.

सुलोचना


पालघर, १७ नोव्हेंबर

श्री. ललित यांस,

तुमचा मेसेज मिळाला. दीपिकाबाई मुलाकडे सुरतला गेल्या आणि आता परत येणार नाहीत, हे कळलं. वाईट वाटलं असं खोटं लिहीत नाही. का गेल्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमच्या सूचनांचे कागद घेऊन मी केळव्याला गेले होते. तात्याने ते वाडीतल्या झोपाळ्यावर बसून वाचले. माझा भाऊ तुमच्याबद्दल काय बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं गाळून बाकीचं लिहिते. शनिवार-रविवार मुंबईकर त्याच्याकडे राहायला येतात, तेव्हा पॅकेज या विषयात तो माझ्यापेक्षा शहाणा आहे.

"आमी पण पाटीवर अनलिमिटेड थाळी लिवतो," तो म्हणाला. "पण वाढताना पैला भात, मग भाकरी, मग सोलकढी. पापलेट येईपर्यंत पाव्हणा ढेकर देतो. फुकट कोण कोणाला देत नाय, सुलू."

"पण हे तर माझ्याकडून काहीच घेत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे जेवणावर घेणार नाय. दुसऱ्या कशावर तरी घेणार. तू फक्त बघ, शेवटी काय मागतो ते."

शेवटपर्यंत थांबायची गरज पडली नाही. परवा अनुजचा फोन आला. "काकी, साहेबांनी तुमचा रक्तगट विचारलाय. जहाजाच्या फॉर्मला लागतो म्हणाले."

मी फोन ठेवला आणि रिक्षा करून थेट बोईसरला गेले. त्याचं ऑफिस नवापूर रोडला आहे, तळमजल्यावर, दारात प्लास्टिकचं नारळाचं झाड. पोरगा सरळ आहे. त्याने संगणक माझ्याकडे वळवला आणि अख्खा फॉर्म दाखवला. ताप आहे का, दम आहे का, ब्लड प्रेशर, शुगर, गरोदर आहात का. बस.

"रक्तगट कुठाय?" मी विचारलं.

त्याने फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. "नाय काकी. असं काय नाय यात. मलाच वाटलं, साहेबांना दुसऱ्या फॉर्मसाठी हवा असेल."

"कुठल्या दुसऱ्या?"

"ते मला काय म्हायत?"

मग मी जेवणाचं विचारलं. तो खूश झाला, कारण ते त्याला माहीत होतं. कोणाला जैन हवं, कोणाला बिनमसाल्याचं, ते महिनाभर आधी कळवावं लागतं म्हणाला. "साहेबांनी तर फार बारीक सांगितलंय. मीठ कमी, टोमॅटो नाय, केळं नाय, शहाळं पण नाय. मी म्हटलं, साहेब, लक्षद्वीपला जाऊन शहाळं नाय प्यायचं?" एवढं बोलल्यावर त्याने जीभ चावली. "काकी, हे कस्टमरचं खासगी असतं हां. मी बोललो असं सांगू नका."

मी सांगितलं. त्याच्यावर रागावू नका.

ललित, मी सगळी नोकरी वॉर्डात काढली. रक्तगट कोणाला लागतो ते मला ठाऊक आहे. अपघात झालेल्याला, बाळंतिणीला, आणि ज्याचं मोठं ऑपरेशन व्हायचंय त्याला. आणि माझा रक्तगट माझ्यासाठी लागणार नाही हेही मला कळतं.

मी तो कळवणार नाही.

आणखी एक. मेसेजच्या शेवटी तुम्ही मोनालीची तब्येत विचारलीत, तिच्या मुलीची विचारलीत. तुमचं तिच्याशी बोलणं असतं का? पुण्याला गेल्यापासून ती मला रोज फोन करायची. अलीकडे घाईत असते. "आई, नंतर बोलते," म्हणते. मला याचा आणि तुमच्या पाकिटाचा काही संबंध असेल असं वाटायला नको होतं. पण वाटतंय.

सुलोचना


पालघर, २७ नोव्हेंबर

श्री. ललित यांस,

मी येते.

खूश होऊ नका. घरी बसून विचार करत राहण्यापेक्षा तुम्ही समोर दिसलेले बरे, एवढंच.

बंदरावर मी माझी येईन, एका गाडीतून जायचं नाही. जेवायला एका टेबलावर बसू, समोरासमोर. शेजारी नाही. माझ्या खोलीचं कार्ड माझ्यापाशी राहील. फोटो काढायचे नाहीत. ओळखीचं कोणी भेटलं तर मी तुमची कोण, ते मी सांगीन.

अनुजच्या फॉर्मवर मी सगळ्या चौकटींत "नाही" लिहून सही केली. त्याने विचारलं, "काकी, काहीच नाय? या वयात?" मी म्हटलं, "काहीच नाही. ठणठणीत आहे."

तुम्हाला जे काय मागायचं असेल ते माझ्यापाशी मागा. मी ऐकेन. हो म्हणेन की नाही ते आत्ता सांगत नाही, पण ऐकेन नक्की. तोवर दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही. ही माझी खरी अट आहे, बाकीच्या मोडल्यात तरी चालतील.

सुलोचना


जहाजावर, १० डिसेंबर, सकाळ

ललित,

खोलीतल्या टेबलावर जहाजाचं चित्र छापलेले कोरे कागद होते, त्यावर लिहून हे तुमच्या दाराखालून सरकवते आहे. तोंडाने बोलले असते तर आवाज चढला असता, आणि इथल्या भिंती पुठ्ठ्यासारख्या आहेत.

काल बंदरावर तुम्ही पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी ओळखलं नाही. खोटं सांगत नाही. मी तुमच्या मागे उभ्या असलेल्या जाड्या माणसाकडे बघत होते. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. बॅगा द्यायची रांग, कागद तपासायची रांग, मग खोलीचं कार्ड घ्यायची रांग, आणि प्रत्येक रांगेत खुर्ची दिसली की तुम्ही बसत होतात. मला म्हणालात, "तू उभी राहा, मी जागा धरतो." जागा कसली धरताय, तुम्ही दम धरत होतात.

रात्री पहिल्या पाळीला खालच्या जेवणघरात गेलो. तुमच्या सूचना खऱ्या ठरल्या. गर्दी नव्हती, टेबल दाराजवळच होतं. वाढणारा सफाळ्याचा निघाला, रूपेश नावाचा, चाळिशी उलटलेला. मी पालघरची म्हटल्यावर त्याला केवढा आनंद. "काकी, इथे वीस देशांची माणसं बघितली, पण आपल्या बाजूचं कोण येत नाय," म्हणाला. त्याने माझ्यासमोर सगळं मांडलं. मासा, तंदुरी भाज्या, दोन तऱ्हेचा भात, वर आणखी मागा म्हणाला. तुमच्यासमोर त्याने न विचारता वेगळी थाळी ठेवली. पाण्यात उकळून पाणी काढून टाकलेली भाजी. वाटीच्या तळाशी वरण. पाण्याचा पेला अर्धा, आणि तो तुम्ही जेवण संपेपर्यंत पुरवलात.

हे जेवण मला पाठ आहे. असलं जेवण मी पेशंटच्या बायकांना शिकवलंय.

मग तुम्ही मीठदाणी माझ्याकडे सरकवायला हात पुढे केलात आणि बाही वर गेली. डाव्या मनगटाच्या वर टाक्यांची खूण, आणि तिथली शीर फुगून आलेली. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शिरा जोडतात, ती खूण मी हजार हातांवर बघितली आहे. तुम्ही बाही खाली ओढलीत आणि म्हणालात, "मांजर चावलं."

वापीत मांजरं टाके घालतात का हो?

तर आता मी सांगते आणि तुम्ही ऐका. तुमची मूत्रपिंडं गेली आहेत. डॉक्टरने सांगितलंय, डायलिसिस सुरू होईल नाहीतर कोणाचं तरी मूत्रपिंड मिळवा. जवळच्या नात्यातलं असेल तर सोपं. दीपिकाबाई कायद्याने तुमच्या कोणी नाहीत. तुम्ही घटस्फोट मागितला नव्हता, मीही दिला नव्हता. त्यामुळे बायको अजून मीच. म्हणून सूचना, म्हणून मला ही समुद्राकडच्या खिडकीची खोली, म्हणून रक्तगट.

माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. मूत्रपिंड द्यायला कोणालाही चालतो. घ्या, सांगितला.

आता नाश्त्यानंतर वरच्या डेकवर या आणि जे मागायचंय ते तोंडाने मागा.

सुलोचना


पालघर, १४ डिसेंबर

ललित,

घरी पोचले. बॅग अजून उघडली नाही.

डेकवर जे झालं त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. पुढचे दिवस आपण जेवलो, बसलो, हवापाण्याचं बोललो आणि बंदरावर वेगळे झालो. पण मनात काय होतं ते लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

त्या सकाळी नाश्त्याला तुम्ही यायच्या आधी रूपेशने माझ्यासमोर चहा ठेवला. मी घोट घेतला. बिनसाखरेचा. मी काही सांगितलं नव्हतं. "रूपेश, साखर घालायला विसरलास का?" मी मुद्दाम विचारलं.

"नाय काकी," तो म्हणाला. "साहेबांनी काल रात्रीच सांगून ठेवलंय. तुमच्या चहात साखर नाय, आणि शेवटी गोड नाय, फळं द्यायची."

आदल्या रात्री जेवायच्या आधी मी रुमालाच्या घडीत धरून मधुमेहाची गोळी घेतली होती. तुम्ही मेनू वाचत होतात. मला वाटलं, दिसलं नसेल.

डेकवर तुम्ही रेलिंगला धरून उभे होतात. माझं पत्र तुमच्या खिशात होतं. मी म्हटलं, "मूत्रपिंड हवंय ना माझं?"

तुम्ही म्हणालात, "हवं होतं."

"होतं म्हणजे?"

"मधुमेह असलेल्याचं घेत नाहीत, सुलू. तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." आणि मग विचारलंत, "कधीपासून आहे?"

मी उत्तर दिलं नाही. आता देते. रिटायर व्हायच्या आधीपासून आहे. तात्याला माहीत नाही, मोनालीला माहीत नाही. कळलं असतं तर तिने मला उचलून पुण्याला नेलं असतं. अनुजने रक्तगट विचारला त्याच दिवशी मला कळून चुकलं होतं की माझं कोणी घेणार नाही. तरी मी आले. फॉर्मवर खोटं लिहून आले. कारण जोपर्यंत तुम्हाला माझ्याकडून आशा होती तोपर्यंत तुम्ही मोनालीकडे वळणार नव्हतात. मला तुम्हाला झुलवत ठेवायचं होतं. उन्हाळ्यापर्यंत, जमलं तर त्याहून पुढे. तुमची तब्येत कुठवर गेलीय हे बघायचं होतं. ओ पॉझिटिव्ह मी त्यासाठीच लिहिलं. गळाला लावतात तसं.

आणि तुम्हाला पहिल्याच जेवणात सगळं कळलेलं होतं.

मग मला एक गोष्ट कळेना, आणि अजून कळत नाही. काम होणार नाही हे कळल्यावर माणूस बदलतो. मी बघितलंय, पेशंट दगावला की डॉक्टरच्या पाया पडणारे नातेवाईक त्याच्या अंगावर धावून जातात. तुम्ही बदलला नाहीत. रोज लवकर जाऊन वाऱ्याच्या आडोशाची खुर्ची धरलीत. बेटावर जायच्या दिवशी जहाज लांब उभं केलं आणि होड्यांनी माणसं नेली, तेव्हा तुम्ही उतरला नाहीत, पण माझी पाणी-बिस्किटांची पिशवी भरून दाराशी घेऊन आलात. मी विचारलं, "आता कशाला हे सगळं?" तर म्हणालात, "तिकीट काढलेलं आहे. आणि तू समोर बसून जेवतेस, ते बरं वाटतं."

मला हे पटत नाही. मला वाटतं, तुम्ही माझ्याशी गोड राहिलात ते मी मोनालीच्या आड येऊ नये म्हणून.

शेवटच्या संध्याकाळी मी सरळ विचारलं, "आता मोनालीकडे जाणार का?" तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. लिफ्टचं बटण दाबलंत आणि आत गेलात.

तर ऐका. तिची मुलगी दोन वर्षांची आहे. मी उद्या तिला बोलावून घेते आणि सगळं सांगते. तुम्ही तिच्यासमोर रडलात, पाया पडलात, तरी तिने नाही म्हणायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेणार आहे.

सुलोचना


पालघर, २२ डिसेंबर

ललित,

मोनाली आली होती. काल गेली.

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, पोरीला पातेली खेळायला दिली, आणि सुरुवात केली. "तुझे बाबा आजारी आहेत. ते तुझ्याकडे मागायला येतील—"

ती म्हणाली, "आई, थांब. त्यांनी नाही मागितलं. मीच देते म्हटलं."

"कधी?" मी विचारलं.

"ऑगस्टमध्ये," ती म्हणाली. "दीपिकाबाईंचा फोन आला होता, मला जमत नाही आता, तुमच्या वडिलांना बघा म्हणून. मी वापीला गेले. तपासण्याही करून घेतल्या. जुळतंय, आई. मी सांगितलं, बाबा, घ्या. तर बाबांनी डॉक्टरसमोर मला हाकलून दिलं. माझ्या कागदावर सही करणार नाही म्हणाले. 'तुझी पोर अजून पडत पडत चालते, तिला उचलायला तू लागणार,' म्हणाले. पुन्हा गेले तर दार उघडलं नाही."

"मग माझ्याकडे कशाला आले?"

आता ती रडायला लागली. "ते मी सांगितलं. म्हटलं, माझं नको तर आईला विचारा. ते म्हणाले, आईला विचारायला तोंड नाही. मी मागेच लागले. मग त्यांनी ते जहाजाचं काढलं. रक्तगट पण मीच विचारायला लावला. मला काय माहीत तुला शुगर आहे? तू सांगितलंस का कधी?"

दोघी एकमेकींपासून लपवत होतो आणि दोघी एकमेकींना वाचवत होतो. पोरीने तेवढ्यात पातेलं डोक्यात घातलं आणि ते निघेना, म्हणून आम्हाला रडणं थांबवावं लागलं.

संध्याकाळी तिने पुन्हा तोच विषय काढला. "आई, तुझं चालत नाही म्हटल्यावर माझाच मार्ग उरला. तू बाबांना सांग." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी पुन्हा जाणार." तिचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच घरचा आहे.

म्हणजे आता गोष्ट अशी आहे. लिफ्टपाशी तुम्ही का बोलला नाहीत ते मला कळलं. मुलीचं नाव माझ्यापाशी फोडायचं नव्हतं. तुम्ही तिला नाही म्हणालात, हे मी मानते. तुमच्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टी मोजायला मला फार बोटं लागत नाहीत, पण ही त्यात आहे.

पण ललित, हे "नाही" आजचं आहे. मी वॉर्डात शूर माणसं बघितलीत. पाय सुजले, रात्री आडवं झोपता येईना, पाण्याच्या घोटासाठी जीव तळमळायला लागला, की जो म्हणत होता "माझ्यासाठी कोणाला त्रास नको," तोच मुलाचा हात धरून बसतो. त्यात त्याचा दोष नसतो. तुम्ही त्या वेळी वापीत एकटे असाल. मोनाली येईल, कागद पुढे करेल, आणि मला ऑपरेशन झाल्यावर कळेल. तुमच्यावर माझा विश्वास नाही. तिच्यावर तर मुळीच नाही.

म्हणून तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर हवेत.

माझ्याबरोबर नोकरीला असलेली जागृती आता इथल्याच माहीम रोडच्या एका डायलिसिस सेंटरला आहे. तिच्याशी बोलले. तुमचे रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर तारखा देतील. आठवड्यातून दोनदा की तीनदा, हे तेच ठरवतील. मृत माणसाचं मूत्रपिंड मिळण्यासाठी नाव नोंदवलंय का? नसेल तर ते आधी करायचं. रांग मोठी आहे, पण रांगेत असलं पाहिजे. कागद सगळे घेऊन या. फक्त चांगले दिसतात तेवढे नाही, सगळे.

राहायला माझ्या घरी नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये खाली एक खोली रिकामी आहे, ती घेतली. तिची खिडकी माझ्या ओट्यावरून दिसते. जेवण मी पाठवीन. त्या जहाजावरची भाजी त्यांनी फार शिजवली होती, तिला काही चव नव्हती. पाणी काढूनही भाजी बरी करता येते. आठ दिवसांत तुमचं वजन किती वाढतं यावर मला कळेल की तुम्ही चोरून पाणी पिता की नाही. मोनाली आली तर माझ्यासमोर भेटायची. तुमच्या खोलीत नाही.

तात्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "सुलू, शेवटी तो घुसलाच ना घरात?" मी म्हटलं, "घरात नाही, समोर." तो म्हणाला, "तुला फसवतोय तो." असेलही. मी तेही धरून चालले आहे. आजारी माणूस खोटं बोलतो, बरा होत असलेला त्याहून जास्त बोलतो. मला सवय आहे.

यात माया शोधू नका. दोन-चार कपडे, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या, एवढंच सामान आणा. या आठवड्यातच या.

संशय माझा आहे तसाच आहे. खोली मात्र काल झाडून घेतली.

सुलोचना